एच अक्षराची कॅसेट

१९९० सालचा डिसेंबर. सौदीतल्या दम्माममध्ये सकाळी स्वेटर लागायला लागला होता आणि लढाई होणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्या एका हिवाळ्यात इस्माईलभाईंच्या कॅसेटच्या दुकानात एवढे किस्से झाले की एक सांगायला बसलो की दुसरा मध्येच घुसतो. मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. फिरवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

*

दुकानामागच्या खोलीत इस्माईलभाईंना रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचा होता. काम मला दिलं. भिंतींना जुने गालिचे ठोकले आणि त्यांवर मेसमधून आणलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, पार छतापर्यंत. दार असं बसवलं की फटीतून टाचणी जाणार नाही.

कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि आमचा व्हिसा तो सौदी मालक, बघायला आला. चारही भिंती हात लावून बघितल्या. मग गंभीरपणे विचारलं, "काम चांगलं आहे. कोंबड्या कधी येणार?"

*

पीटर वसईचा. गॅरेजात वेल्डर, पन्नाशी उलटलेला. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत रॉक अँड रोल गायचा. गाणी स्वतःची, अर्धी इंग्रजी, अर्धी वसईच्या बोलीतली. तेव्हा लोकांना ते माकडचाळे वाटले. रेकॉर्ड कुणी काढली नाही.

त्याची बायको वारली होती. मुलगी एलिझा मावशीकडे वाढली. बापाचं गाणं तिने कधी ऐकलंच नव्हतं! ईस्टरनंतर तिचं लग्न होतं आणि गॅरेजवाले रजा देत नव्हते.

"मी नाही तर माझा आवाज तरी लग्नात पाहिजे," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मी दाराला बिजागरी लावत होतो. पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "पोटात दुखतंय का?"

"हुसेनभाई, हे गाणं आहे!"

"बरं. सुरू कधी होणार?"

*

जानेवारीत लढाई पेटली. इकडे क्षेपणास्त्रं पडायला लागली. प्रत्येकाला घरी आवाज पाठवायचा होता, म्हणून स्टुडिओसमोर रांग लागली. कोऱ्या कॅसेट संपत आल्या.

माझा रूम पार्टनर सावंत माइकसमोर बसला आणि घाबरला. घसा साफ करून म्हणाला, "श्री. उजव्या कोपऱ्यात तारीख. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, स्वल्पविराम, मी इथे सुखरूप आहे, पूर्णविराम."

इस्माईलभाई ओरडले, "अरे, बोल! लिहू नकोस!"

सावंत म्हणाला, "खाली सही कशी करू?"

*

पीटरचं गाणं सहा वेळा बिघडलं. सातव्या वेळी गाणं रंगात आलं आणि बाहेर हल्ल्याचा भोंगा वाजला. इस्माईलभाई टेबलाखाली शिरले. "पीटर! गॅसचा मास्क लाव! मरशील!"

पीटर थांबला नाही. भोंग्याच्या सुरात सूर लावला आणि गाणं पुरं केलं. मग मास्क लावला.

"वेडा आहेस का?" मी टेबलाखालून विचारलं.

"भोंगा बरोबर पट्टीत होता," तो म्हणाला. "थांबायचं कशाला?"

गाणं तेच ठेवलं. प्रत एकच. दुसरी काढायला कॅसेटच नव्हती.

*

आता माझी चूक. मीही घरी पाठवायला कॅसेट केली होती. इस्माईलभाईंनी दोन्हींवर इंग्रजीत लिहिलं. माझ्या कॅसेटवर माझं नाव, पीटरच्या कॅसेटवर त्याच्या गाण्याचं नाव, 'होम'. जेद्दाहमार्गे मुंबईला निघालेला एक माणूस दोन्ही नेणार होता. मला इंग्रजी येत नाही, पण हुसेनचा एच ओळखता येतो. वरच्या कॅसेटवर एच दिसला. उचलली, डबीत घातली, माझ्या घरचा पत्ता चिकटवून दिली. उरलेली पीटरच्या पत्त्यावर गेली. कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही.

होमलाही एचच असतो, हे मला मागाहून कळलं.

महिन्याने दोन पत्रं आली. बायकोने लिहिलं होतं, "तुमची कॅसेट सगळ्या मोहल्ल्याने ऐकली. अम्मी रडतात. तुम्हाला कुणी मारतंय का?"

एलिझाचं पत्र पीटरच्या नावाने होतं. "डॅडी, गोठ्याचा वासा बदलायला सांगते. पण आपल्याकडे बकरी कधी होती?"

सगळं दुकान हसलं. पीटर हसला नाही. लग्नाला तीन आठवडे राहिले होते.

"हुसेनभाई," तो म्हणाला, "माझं एक गाणं तुझ्याकडे उधार आहे."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

*

लढाई एव्हाना थांबली होती. मी कफीलकडे रजा मागितली. आयुष्यात पहिल्यांदा दोनदा मागितली. रत्नागिरीला घरी पोचलो. बायकोच्या हातून कॅसेट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी वसईची एसटी धरली.

मंडपात बँड वाजत होता. मी एलिझाच्या हातात कॅसेट दिली. म्हणालो, "तुझ्या बापाने पाठवलीय. आधी आली ती माझी होती."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बकरीवाले अंकल?"

"हो."

बँड थांबला. कॅसेट लागली. पहिल्याच ओळीला तिच्या मावशीने आवाज ओळखला. त्यांच्यात नवरी बापाबरोबर नाचते. एलिझा मंडपाच्या मधोमध एकटी उभी होती. तिने माझ्यापुढे हात केला.

मी तोवर कधी नाचलो नव्हतो. नाचलो. मध्ये भोंगा वाजला, इस्माईलभाई "मरशील!" म्हणून ओरडले, पाहुणे दचकले. आम्ही थांबलो नाही.

रजा संपवून दम्मामला परतलो. विमानतळावरून सरळ गॅरेजात गेलो. पीटर गाडीखाली होता. मी वाकून म्हणालो, "दिलं."

गाडीखालून आवाज आला, "उधारी खलास."