गोमाच्या हातातलं कडं

मोखाड्याच्या बाजारात फागू दिसला की आजही बायका टोपल्या जवळ ओढतात. का, तर म्हणे मेलेल्याच्या हातातलं कडं चोरणारा माणूस! अहो, ज्याने उभ्या जन्मात कुणाच्या कुंपणाची काटकी उचलली नाही, त्याच्यावर हा आळ.

फागू मजुरीवर जगणारा. जमीन कधी नव्हतीच. पण पाड्यावर कुणी गेलं की खड्डा खणायला हाक त्यालाच, आणि तेवढा एक मान त्याचा होता. गोमा त्याचा लहानपणचा सोबती, दोघांनी गुरं राखलेली. पुढे गोमाचा तारपा टीव्हीवर वाजला, दिल्लीला वाजला, भर सभेत त्याच्या हातात चांदीचं कडं चढलं. तरी गावी आला की आधी फागूच्या ओट्यावर बसायचा.

गोमा वारला तेव्हा गाड्यांची रांग लागली. पुढारी आले, कॅमेरे आले. गोमाच्या मुलाने, कमलेशने, ते कडं सगळ्यांदेखत बापाच्या मनगटात घातलं. खड्ड्यात उतरवताना एक कॅमेरावाला ओरडला, "तोंडावर ऊन नाही, फिरवा!" आणि फिरवलं हो मेल्यांनी! या पाड्यावर मेलेल्याचं डोकं दक्षिणेला ठेवतात. उलटं निजवलं तर त्याला वाट सापडत नाही, तो घराच्या ओट्याशी घुटमळत राहतो.

"कमलेश, डोकं उलटं झालं रं," फागू म्हणाला.

"काका, गप ऱ्हावा. साहेब थांबलेत."

माती पडली. गोमाची बायको हिराबाई रडून रडून अर्धी झालेली, तिला काय दिसणार?

फागूच्या घशाखाली घास उतरेना. पुरलेल्याला उकरणं म्हणजे केवढं पाप! पण गोमाने असं भटकत राहायचं? पहाटे तो कुदळ घेऊन गेला. "माफ कर रं गोमा," म्हणत एकट्याने मित्राला फिरवून नीट निजवलं, मनगटातलं कडं सारखं केलं आणि माती लोटली. परतताना कुणीतरी पाहिलं.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर बोंब: गोमाचं कडं गेलं! हार विस्कटलेले, माती उलथलेली, फागूच्या हातात कुदळ. आणखी काय हवं लोकांना?

पाडा गोळा झाला. "उकरून बघू, म्हणजे खात्री होईल," कमलेश म्हणाला. पोरांनी फोन काढले. खरं फागूच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं तरी खात्री करायला उकरणारच. गोमा पुन्हा उघड्यावर, पुन्हा कॅमेऱ्यापुढे.

"उकरू नका," तो म्हणाला. "मीच नेलं. विकलं पण."

कमलेश अंगावर धावला. हिराबाईने त्याला अडवलं आणि ती फागूच्या पायाशी थुंकली. "सोडा याला. पण आमच्या मेलेल्यांना पुन्हा याचा हात लागू देऊ नका."

घरी बायको, तुळशी, कपाळ बडवत म्हणाली, "खरं का नाय सांगितलं?"

"तो नीट निजलाय ना? मग झालं."

तेव्हापासून खड्डे दुसरेच खणतात. परवा बाजारात हिराबाई शेजारच्या जयवंतीला सांगत होती, "माझा धनी सुखानं गेला गं. एकदा पण ओट्याशी आला नाय." तेवढ्यात तिला फागू दिसला आणि तिने तोंड फिरवलं. फागू नाचणीच्या पोत्यांआड गेला आणि ढसाढसा रडला. पण गोमाला वाट सापडली, हे ऐकून त्या रडण्यातही त्याला बरं वाटत होतं.