मनोऱ्यांखालची चौकशी

खिडकीच्या जाळीतून एक बोट वर करायचं, समोरच्याचं बोलणं मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, "पहले ये बताइए, अकेले हैं या साथ में कोई है?" माणूस बिचारा गाडीचा फलाट विचारायला आलेला असायचा. काशीच्या मुख्य स्टेशनावर गाडी सुटायला दहा मिनिटं उरलेली असताना चौकशीच्या खिडकीतला बाबू तुमच्या कुटुंबाची विचारपूस करू लागला, तर तुम्हालाही राग आलाच असता.

पण त्या प्रश्नात अर्थ होता. एकट्या माणसाला ते सरळ पुलाकडे पाठवायचे. सोबत म्हातारं कोणी असेल तर पुलाच्या पायऱ्या चढू नका, पार्सलच्या हातगाड्या जातात त्या उतारावरून जा, असं सांगायचे. बायको आणि लहान मुलं असतील तर सल्ला वेगळा असायचा. "पुलावरूनच जा, पण बायकोला पुढे चालू द्या. तुम्ही पुढे असलात तर मागे वळून बघणार नाही." माणूस चिडूनच निघायचा, पण बायकोला पुढे घालून निघायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी नागपूरचा. स्टेशनच्या बांधकाम कार्यालयात नकाशे काढायचं काम करतो. बदली होऊन काशीला आलो तेव्हा रामघाटाच्या गल्लीत एक खोली भाड्याने मिळाली, आणि समोरच्या घरात हे चौकशीचे बाबू राहत होते. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी कोकणातून आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरातली बाकी सगळी मंडळी पूजापाठ करणारी. हे एकटेच रेल्वेत. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुमचं नागपूरकडचं मराठी बरं आहे, समजतं. पुण्याचे लोक येतात ना, तेव्हा मला वाटतं की माझी परीक्षा चालू आहे."

मग आमच्या स्टेशनाचा पुनर्विकास ठरला. जुनं मोडून नवं बांधायचं, फलाटांच्या डोक्यावर काचेचे तीन मनोरे उभारायचे, त्यांत हॉटेल, दुकानं, कार्यालयं आणि सगळ्यात वर गंगादर्शनाची गच्ची. गंगा स्टेशनापासून किती लांब आहे हे काशीला आलेल्या प्रत्येक माणसाला, विशेषतः रिक्षावाल्याशी घासाघीस केलेल्या माणसाला, माहीत आहे. पण नकाशात ती मनोऱ्याला अगदी खेटून वाहत होती. तो निळा रंग मीच भरला होता. साहेबांनी सांगितलं, "जरा जवळ घ्या", म्हणून घेतली.

काचेच्या पेटीत ठेवलेली मनोऱ्यांची प्रतिकृती आली, आणि कर्मचाऱ्यांची मतं घ्यायला एक सभा भरवण्यात आली. बाहेरच्या एका सल्लागार कंपनीचा तरुण माणूस निळं जाकीट घालून बोलत होता. काका त्या पेटीवर वाकून बराच वेळ बघत राहिले. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची माणसं चिकटवली होती.

"यांच्यात कोणी बसलेलं नाही," ते मला हळूच म्हणाले. "कोणी झोपलेलं नाही. कोणाच्या डोक्यावर बोचकं नाही. हे लोक कुठल्या गावचे आहेत?"

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. हिंदीत, अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, धुक्यात गाडी सहा तास उशिरा आली, तर माणसं बसतील कुठे?"

सल्लागार हसला. "नव्या स्थानकाचा अनुभवच असा असेल की प्रवाशाला बसावंसं वाटणार नाही."

आमच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. मग विचारलं, "आणि पूछताछ कुठे आहे?"

पूछताछ, म्हणजे चौकशीची खिडकी, नव्हती. तिच्या जागी बोट लावायचे पडदे होते. सल्लागाराने मात्र त्यांची सूचना वहीत उतरवून घेतली, आणि पुढच्या नकाशात माणसांना बसायला खरंच जागा आली. पहिल्या मनोऱ्याच्या बाराव्या मजल्यावर, हॉटेलात उतरलेल्यांसाठी. मी नकाशा काकांना दाखवला. ते म्हणाले, "चला, बाराव्या मजल्यापर्यंत तर पोचलो."

पावसाळा संपला आणि तोडफोड सुरू झाली. सगळीकडे निळे पत्रे ठोकले. खिडकी गेली, पूल अर्धा गेला, पार्सलचा उतार पत्र्यांच्या मागे गेला. पडदे तेवढे वेळेवर आले. पण त्यांत नकाशा भरला होता तो पुढे होणाऱ्या स्टेशनाचा. माणूस पडद्यासमोर उभा राहिला की लाल ठिपका लागायचा, 'आप यहाँ हैं'. ठिपका दुसऱ्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर असायचा आणि माणूस चिखलात. माणूस एकदा पडद्याकडे बघायचा, एकदा आपल्या पायांकडे, आणि मग काकांना शोधायला लागायचा.

काकांनी जिन्याखाली एक टेबल आणि स्टूल टाकलं होतं. पाटीवर खडूने 'पूछताछ' लिहिलं होतं. रस्ते रोज बदलायचे. ते सकाळी कामावर येताना आधी सगळ्या पत्र्यांच्या कडेने एक चक्कर मारायचे, कुठली फट बंद झाली, कुठली नवी पडली ते बघायचे आणि मग टेबलावर बसायचे. टेबलासमोरची रांग पडद्यांच्या पुढून वळसा घालून जायची.

एवढ्यात एक मोठे पाहुणे काम बघायला येणार असं ठरलं. साहेबांनी मला बोलावलं. "ते टेबल वाईट दिसतं. हलवण्याची टिप्पणी लिहा."

मी लिहिली. दुसरं कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण मला सांगितलं आणि मी लिहिली. सही करण्याआधी कागद काकांकडे घेऊन गेलो. वाटलं, ते काही बोलतील. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि खिशातून पेन काढलं.

"'अड़चन' नको लिहू. ते बोलण्यातलं आहे. 'अवरोध' लिही. सरकारी कागद आहे."

त्यांनीच शब्द दुरुस्त करून दिला. संध्याकाळी टेबल गेलं. पाटी ते स्वतः काखेत मारून घरी घेऊन गेले.

पाहुणे आले. हार झाले, प्रतिकृतीसमोर भाषण झालं. भाषण संपल्यावर पाहुण्यांनी शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी विचारलं. त्याने सल्लागाराला विचारलं. सल्लागाराने साहेबांना, आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शौचालय कुठे आहे?

मला माहीत होतं. दुसरा मनोरा, तळमजला, डाव्या हाताला. त्या जागी तेव्हा खड्डा होता. जुनं मागच्याच आठवड्यात पाडलं होतं, आणि तात्पुरतं कुठल्या पत्र्यामागे आहे हे आमच्या अख्ख्या कार्यालयात कोणालाही माहीत नव्हतं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू घट्ट होत चाललं होतं. मी पळालो. काका एका खांबाला टेकून उभे होते. मी सांगितलं, ते आले. आले आणि सवयीने बोट वर केलं.

"पहले ये बताइए, अकेले हैं या साथ में कोई है?"

पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं. चाळीसेक माणसं, हार, कॅमेरे.

"फिलहाल तो ये सब हैं," ते म्हणाले.

"इन्हें यहीं रहने दीजिए. रास्ता एक आदमी का है."

दोन पत्र्यांमधल्या फटीतून काका तिरके होऊन आत शिरले, पाठोपाठ पाहुणे. आम्ही चाळीस जण प्रतिकृतीभोवती उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दोघे परत आले. पाहुण्यांचा हात काकांच्या खांद्यावर होता आणि कोटावर पत्र्याचा निळा रंग लागला होता. ते साहेबांना म्हणाले, "ये बड़े काम के आदमी हैं. इन्हें ऊपर लाइए."

आठवड्याच्या आत काकांना वर आणण्यात आलं. आमच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, थंड हवेच्या खोलीत. दारावर पाटी लागली, 'यात्री मार्गदर्शन सलाहकार'. तिथे एकही यात्री येत नव्हता. येऊ शकतही नव्हता, कारण जिन्याशी पहारेकरी होता. काका खुर्चीवर पाठ न टेकता बसायचे. समोर एक रिकामी वही. खालचा गोंगाट बंद काचेतून पुसट यायचा. एकदा ते म्हणाले, "मी इकडे काय सांगू, आणि कोणाला?" त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं.

खाली परत पाठवा असा अर्ज त्यांनी केला. मीच लिहून दिला, निदान तेवढं तरी केलं. उत्तर आलं की पाहुण्यांच्या तोंडी आदेशाने वर आणलेल्या माणसाला खाली पाठवण्याची तरतूद नाही.

मग त्यांनी स्वतःची तरतूद केली. चहाला खाली जाण्यावर कोणाची बंदी नव्हती. ते अकराला चहाला उतरायचे आणि चारला परत यायचे. हातात कायम मातीचं कुल्हड. साहेब समोर आले की ते तोंडाला लावायचे. मी एकदा आत डोकावलो, कोरडं ठणठणीत होतं. दुसऱ्या हाताचं बोट वर, आणि भोवती बोचकी घेऊन उभी असलेली माणसं. निवृत्त होईपर्यंत वर्षभर त्यांचा हा चहा चालला. साहेबांना कळत नव्हतं असं नाही. एकदा त्यांची स्वतःची सासू येणार होती, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "तुमचे काका चहाला गेलेत ना?"

काका आता नाहीत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, थंडीत, चार दिवसांच्या तापाने गेले. पहिला मनोरा उभा राहिला आहे. तुम्ही आलात तर त्याच्या काचा लांबूनच दिसतील. पायथ्याशी माणसं बसलेली असतात.

काका गेले त्याच्या आदल्या वर्षी माझी आई नागपूरला वारली. अस्थी घेऊन मी सकाळच्या गाडीने परत आलो, तेव्हा काका डब्यासमोर उभे होते. येऊ नका म्हणून मी कळवलं होतं. त्यांनी माझी बॅग घेतली, अस्थींची पिशवी माझ्याकडेच राहू दिली आणि पुढे चालू लागले. ज्या स्टेशनाचे नकाशे मी काढले, त्यातून मला त्यांनी बाहेर काढलं.

रामघाटावर त्यांनी होडी सांगून ठेवली होती. त्यांचे चुलतभाऊ मंत्र म्हणणार होते. पायऱ्यांवर मी चपला काढल्या, त्या काकांनी उचलल्या आणि नावेत मांडीवर घेऊन बसले. मला संकोच वाटला. म्हटलं, "काका, खाली ठेवा ना."

"खाली पाणी आहे," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

मग ते पाठमोरे झाले आणि परत किनाऱ्याला लागेपर्यंत तसेच बसून राहिले, माझ्या चपला दोन्ही हातांनी धरून.