अप्पांचा माईक आणि कावळ्याचं पान

माझे वडील स्वतःच्या वर्षश्राद्धाला, दुपारी साडेबारा वाजता, घरच्या स्पीकरमधून बोलले.

अप्पा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होताना आणलेला त्यांचा वजनदार लोखंडी माईक कुणी नुसता पुसला तरी घरात वादळाचा बावटा चढे! ते गेल्यावर मी हौशी रेडिओचा परवाना काढला, नवा सेट घेतला आणि तो माईक गुपचूप माडीवर नेला. पण जुना माईक नव्या सेटशी जुळेना. आवाज मुंगीएवढा! शेवटी दोघांच्या मधे एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर जोडला. (जोडताना बोट भाजलं. कुणीतरी रागावलंय हे तेव्हाच कळायला हवं होतं.)

श्राद्धाच्या दिवशी परसात कावळ्याचं पान ठेवलेलं. कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही, आणि कावळा तर फिरकेना. तेवढ्यात मी वर सटकलो. माझे रेडिओवरचे दोस्त, अलोऱ्याचे नेनेकाका, तिकडे आपला सेट लावून बसले होते.

"काका, आवाज येतोय का? ओव्हर."

"झकास! पण तुझ्या मागे कोण खाकरतंय रे? ओव्हर."

माडीवर मी एकटा होतो. आणि बोलण्याआधी खाकरायची सवय अप्पांची!

"कुणी नाही, काका!"

"आहे रे. आत्ता पुन्हा खाकरलं."

इतक्यात बायको धापा टाकत वर आली. "अहो, खाली स्तोत्रांच्या स्पीकरातून अप्पा बोलतायत! घोगरं, नाकातनं... एक अक्षर कळत नाहीये!"

सेटवरचा माझाच आवाज त्या स्पीकरात घुसत होता, हे मला कळायला हवं होतं. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला माणूस मी! पण त्या क्षणी मी सेट बंद करायचंही विसरलो.

खालून आईचा रडवेला आवाज आला. "अहो, कशात अडकलाय जीव? नातीचं लग्न थाटात करू!"

कावळा नाही.

"कलमांना वेळेवर खत घालू हो!"

कावळा नाही. मी घाबरून माईकमध्येच ओरडलो, "काका, इथं काहीतरी भलतंच चाललंय!" खाली स्पीकर गुरगुरला आणि आईने हंबरडा फोडला.

माझी नजर खिडकीकडे गेली. गजांमध्ये कावळा बसला होता. मान तिरकी करून तो एकटक माईककडे बघत होता. मग तो खाकरला. हुबेहूब अप्पा!

"आई! कावळा इथं बसलाय! अप्पांच्या माईकपाशी!"

खाली परसात आईने रडणं थांबवून वर पाहिलं.

"मेल्या, तू त्यांच्या माईकला हात लावलास?" आई कडाडली, आणि मग आभाळाकडे बघून म्हणाली, "अहो, ऐकता ना? माईकला पुन्हा शिवू देणार नाही हो त्याला!"

कावळा उडाला तो थेट पानावर. भाताकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आधी वडा उचलला. अप्पाही असंच करायचे.

माईक आता आईच्या कपाटात आहे, किल्ली तिच्या कनवटीला. मी सेटबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या माईकवर बोलतो.

परवा नेनेकाका म्हणाले, "तुझा आवाज स्वच्छ येतो हां आता. पण मागचे ते गृहस्थ हल्ली नसतात का रे? तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकायला बरं वाटायचं. ओव्हर."