समोरच्या बागेची वाट

आमच्या इमारतीतून रस्ता ओलांडला की रेतीरो बागेचं फाटक. त्यामुळे माद्रिद बघायला आलेली माणसं इथे भाड्याने खोल्या घेतात आणि बॅगा टाकल्या की ओब्दुलियाच्या दारात उभी राहतात. ओब्दुलिया इमारतीची राखण करते. तळमजल्यावर जिन्याशेजारी तिची खोली. जिने पुसणं, टपाल वाटणं, गेलेले दिवे बदलणं ही तिची कामं. बागेविषयी सल्ला देणं हे काही तिचं काम नव्हे, पण तो ती न विचारताही द्यायची.

"भर दुपारी जायचं नाही, डोकं तापतं. सकाळी जा. तळ्यातल्या होड्या तेव्हा बांधलेल्या असतात, पाणी हलत नाही. होडीत बसायचंच असेल तर रविवार सोडून बसा; रविवारी अर्धं शहर एकमेकांना वल्ही मारत असतं. बदकांना पाव घालू नका, ती आधीच माझ्यासारखी जाडी झालीत. आणि थंड काही प्यायचं तर तळ्यामागे इलारियोची टपरी. ओब्दुलियाने पाठवलं म्हणा."

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. जाता-येता हे ऐकायचे आणि जिना चढायचे. इलारियोची टपरी उठून बरीच वर्षं झाली होती. ओब्दुलियाला ते कसं कळणार? नवरा गेल्यापासून तिने त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. सातुर्नीनो गिलाव्याची कामं करायचा. दर रविवारी दोघं नटूनथटून बागेत बँड ऐकायला जायची. तो गेला आणि तिचा रविवारही संपला.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, पोर्तुगालहून आबिलियो नावाचे म्हातारे गृहस्थ आले. हातात काठी, अंगात जाड कोट. गावाकडे त्यांची बेकरी होती. बायको, लुसिंदा, त्या हिवाळ्यात वारली होती. लग्नाआधी ती माद्रिदमध्ये एका घरी मुलं सांभाळायची आणि त्या मुलांना घेऊन रेतीरोच्या गुलाबबागेत बसायची. 'एकदा तुम्हाला दाखवीन' असं ती जन्मभर म्हणत राहिली; पण बेकरी एक दिवसही बंद राहिली नाही. आता मुलीने बळेबळेच त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत जायचं होतं.

नेमका ते आले त्याच दिवशी वारा सुटला. वारा फार झाला की आमची बाग बंद करतात. फांद्या मोडून पडतात. आबिलियो फाटकापर्यंत गेले, कुलूप पाहून परत आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"पायरी ओली आहे," ओब्दुलिया म्हणाली.

"असू दे."

"असू दे काय? आजारी पडाल, मग करायचं कुणी? उठा. चला माझ्याबरोबर."

तिने त्यांना लिफ्टने गच्चीवर नेलं. मी तिथे चादरी काढत होते. वारा त्या हातात ठरू देत नव्हता. समोर सगळी बाग वाकत होती, उठत होती. ओब्दुलियाने हात लांब केला. "तिकडे, त्या उंच झाडांच्या पलीकडे. इथून दिसत नाही, पण आहे."

"लुसिंदाही असंच सांगायची," आबिलियो म्हणाले. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात करायची. म्हणायची, या बाजूला आहे बघा." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तर रोज जात असाल?"

ओब्दुलियाने माझ्या हातातली चादर ओढून घेतली आणि घडी घालायला लागली. "गेल्या रविवारी गेले होते," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने माझं दार वाजवलं. "गुलाबबागेची वाट अजून तीच आहे ना गं? पुतळ्यावरून खाली?"

"तीच आहे. का?"

"त्या म्हाताऱ्याला सांगायचंय. सकाळी उघडलं फाटक तर."

"सांगतेस कशाला? तूच घेऊन जा की. त्यांना काठीने चालायचं, त्यात उतार."

"आणि जिना कोण पुसणार? तुझा बाप?"

सकाळी वारा पडला होता. मी खाली आले तर ओब्दुलियाच्या खोलीला कुलूप, आणि पुसायच्या फडक्याचा दांडा भिंतीला टेकवलेला, फडकं कोरडंच. जिना मीच पुसला. कोपरे सोडलेस, असं तिने नंतर ऐकवलं.

बाकीचं मला तिच्याकडूनच कळलं. फाटकाशी आल्यावर तिला परत फिरावंसं वाटलं, पण आबिलियोंनी तिच्या दंडाचा आधार घेतला होता, त्यामुळे थांबता आलं नाही. गुलाबबागेत पोचले तर वाऱ्याने ताटव्यांची दैना केली होती. झाडांवर थोडी फुलं होती, बाकी सगळ्या पाकळ्या वाटेवर.

"उशीर झाला," आबिलियो म्हणाले.

"उशीर कसला? फुलं झाडावरच बघायची असतात असं कुणी सांगितलं? पाय तर टाका, किती मऊ आहे ते बघा."

ते हळूहळू पाकळ्यांवरून चालत गेले, एका बाकापाशी थांबले आणि त्यांनी टोपी काढली. "लुसिंदा, आलो गं," एवढंच म्हणाले. ओब्दुलिया त्यांची काठी धरून जरा लांब उभी राहिली.

परतताना तिने त्यांना काही प्यायला द्यावं म्हणून तळ्यामागे नेलं. टपरीच्या जागी नुसतं गवत होतं. ती बघत राहिली. मग तिथल्याच बाकावर बसून तिने त्यांना सातुर्नीनोबद्दल सांगायला सुरुवात केली. बँड सुरू झाला की तो कसा झोपायचा, घोरणं वाढलं की ती त्याला कोपराने कशी ढोसायची, आणि तो जागा होऊन सगळ्यांच्या आधी टाळ्या कशा वाजवायचा. त्याचं नाव तिने इतक्या वर्षांत माझ्याजवळही मोठ्याने घेतलं नव्हतं. आबिलियो हसले, तशी तीही हसली, आणि मग दोघांना रुमाल काढावे लागले.

गेल्या मे महिन्यात आबिलियो पुन्हा आले, मुलीला घेऊन. मुलीने बेकरीतला मोठा गोल पाव आणला होता. ओब्दुलियाने तुकडा मोडून खाल्ला, नीट चावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"बाबांना किती वेळा सांगितलं," मुलगी म्हणाली, "पण ते ऐकतात कुठे."

"मग मी सांगते, चला," असं म्हणून ओब्दुलियाने दाराला कुलूप लावलं, आबिलियोंना दंड पुढे केला, आणि तिघं रस्ता ओलांडायला थांबली.