मावशीच्या टाळ्या

अमेरिकन फुटबॉलच्या संघात डेल्विन फॉन्टेनोचं काम एकच. समोरून अंगावर येणारा रेड्यासारखा गडी अडवायचा, म्हणजे मागचा देखणा पोरगा निवांत चेंडू फेकतो. लुइझियानातल्या त्यांच्या गावात नाव व्हायचं ते त्या देखण्याचं. डेल्विनचं नाव लाऊडस्पीकरवर यायचं फक्त समोरच्याचा सदरा धरून ठेवला की. तो गुन्हा. मग शाळेचं अख्खं मैदान शिव्या घालायचं आणि एर्नेस्टिन मावशी एकटी उभी राहून टाळ्या पिटायची.

"मावशे, ती शिक्षा असते गं," तो तिच्या हातचं गंबोचं कालवण ओरपत सांगायचा.

"असू दे. नाव तर घेतलं ना तुझं?"

हिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, अशी त्याची खात्री झाली.

कॉलेजात तो सुधारला, सदरे धरायचा थांबला, आणि त्याच जोरावर व्यावसायिक संघाने त्याला उचललं. मावशी मात्र हिरमुसली. "हल्ली तुझं नाव पुकारत नाहीत. तुला बाकावर बसवतात का रे?"

म्हणून पहिल्या व्यावसायिक सामन्यात, संघ भरपूर पुढे असताना, डेल्विनने समोरच्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. पंचाने त्याचा नंबर टीव्हीवर देशभर पुकारला. प्रशिक्षक लालबुंद झाला. डेल्विन गालात हसत होता.

सामना संपताच मावशीचा फोन आला. "मुद्दाम धरलंस ना, मेल्या?"

"तुला कळतं हे?"

"शाळेपासून कळतंय. सगळे शिव्या घालत होते, एकीने तरी टाळ्या वाजवायला नकोत?"