क्रोशाच्या सुईने उघडलेली डिक्की

चिपळूण सोडलं तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. डिक्कीत अठरा शिवलेल्या नऊवारी आणि अठरा ब्लाउज होते. दादरच्या एका महिला मंडळाचा त्याच संध्याकाळी पाचला मंगळागौरीच्या खेळांचा कार्यक्रम होता आणि मुंबईची ही माझी पहिली ऑर्डर होती. मंडळाच्या बाईंनी बजावलं होतं, चारला कपडे आले नाहीत तर बायका घरच्या साड्या नेसतील आणि पुन्हा काम मिळायचं नाही.

वाटेत दोन्हीकडे भातशेती हिरवीगार होती. माणगावला मिसळ घेतली. पाव कालचे होते. त्यावरून हॉटेलवाल्याशी वाजलं, तेव्हा ताजे आले. ते खाऊन मी पुढे निघाले.

अकराच्या सुमारास लालबागला पोहोचले. माझा मोठा भाऊ अजून आमच्या जुन्या चाळीतच राहतो. दादाकडे जेवून दादर गाठायचा बेत होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्यामागे हत्यारांची पेटी दादाने घेतली. मी पहिलं शिलाई मशीन घेतलं, तेव्हा त्याच्याकडे फक्त एक पकड मागितली होती. तो म्हणाला, "बायकांच्या हातात हत्यार टिकत नाही." पुढे मी आणखी तीन मशीनं घेतली, सहा बायका कामाला ठेवल्या, स्वतःची गाडी घेतली. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

जेवणाआधी मिरची घ्यायला मसाल्याच्या गल्लीत गेले. तिथल्या डंक्यांचा (मसाला कुटायच्या गिरण्यांचा) ठणठणाट आणि नाकात जाणारी मिरचीची धूळ, सगळं तसंच आहे.

"ताई, इथे भाव कमी होत नाही," दुकानदार म्हणाला.

"मग देठं काढून तोल. देठं खायला मी बकरी नाही."

त्याने देठं काढली. मिरची डिक्कीत टाकावी म्हणून गाडीशी आले, सीटच्या बाजूचा खटका ओढला, तर तो तुटून हातातच आला. आमच्या डिक्कीचं कुलूप किल्लीला कधीच दाद देत नाही. खटक्याला जोडलेली तार ओढली, तरच डिक्की उघडते. ती तार आता प्लास्टिकच्या पट्टीखाली आत सरकली होती.

दादाने परळहून ओळखीचा मिस्त्री बोलावला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "मॅडम, पीछे का सीट खोलना पड़ेगा. कल सुबह."

"आज तीनपर्यंत दे."

"सात बजे."

"सातला बायका नाचून घरी गेलेल्या असतील. तीन."

"तो लॉक तोड़ देता हूँ."

त्याला मी तिथूनच परत पाठवलं. घासाघीस पैशांची असो की वेळेची, समोरचा तोडायच्या गोष्टी करू लागला की मी उठते.

एक वाजला होता. दादा पेटी घेऊन खाली आला आणि त्याने पट्टीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. पट्टीवर ओरखडा उठला.

"थांब," मी म्हटलं. "वहिनीचा लाकडी कालथा (उलथणं) आण."

"बाय, गाडी आहे ही. घावन नाही."

"घावन तरी तू कुठे न मोडता उलटलंयस? आण."

कालथ्याची पातळ कड घातली आणि पट्टी अलगद सुटली. आत बोटभर फट होती आणि तळाशी तारेच्या टोकाचा शिशाचा मणी चमकत होता. दादाची पकड त्या फटीत जाईना. मी पर्समधली क्रोशाची सुई काढली.

"टॉर्च धर. माझ्या डोळ्यात नको, आत."

दोनदा मणी निसटला. तिसऱ्यांदा सुईचं टोक त्याच्यामागे अडकलं आणि तार इंचभर वर आली. पण सुई नाजूक, जोराने ओढली तर वाकणार. मग ब्लाउजचा हूक अडकवायला आपण दोऱ्याची कडी करतो, तशीच कडी केली. पर्समधलाच काजाचा दोरा आठपदरी घेऊन मेणावरून ओढला, मण्यामागे दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

"तुटेल," दादा म्हणाला.

"माझी शिलाई आहे."

मी ओढलं. मागे खट्ट वाजलं आणि डिक्की वर आली. सगळे कपडे घडीसुद्धा न मोडता आत होते. दादाने टॉर्च विझवला. मग कडी दोनदा स्वतः ओढून पाहिली.

साडेतीनला मी दादरला होते. मंडळाच्या बाईंनी एकेक शिवण उलटी करून पाहिली, आणि दिवाळीच्या कार्यक्रमाचं काम तिथेच सांगितलं. खेळ मी पहिल्या रांगेत बसून पाहिले. फुगड्यांना अठराजणींपैकी एकीचीही निरी हलली नाही.

रात्री दादाकडेच राहिले. सकाळी मी गाडीत सामान ठेवत असताना तो गॅलरीतून शेजाऱ्यांना सांगत होता, "आम्ही उघडली डिक्की, तासाभरात."

मी खालूनच विचारलं, "आम्ही कोण?"

"अगं, मी होतो ना सोबत."

"हिने उघडली, असं सांग."

"दोघांनी म्हणू."

"हिने."

शेजारी कठड्याला टेकून मजा बघत होते. दादाने डोकं खाजवलं. "बरं बाबा. हिने उघडली. मी टॉर्च धरला."

कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडताना मनात आलं, आणखी ताणलं असतं तर टॉर्चही नीट धरला नव्हता, हे त्याने कबूल केलं असतं. पण सौदा कुठे थांबवायचा, हे मला कळतं.