एका वेळी एकच

वारज्यातल्या डॉ. मेश्राम बाईंच्या दवाखान्यात मोठ्या माणसांसाठी खुर्च्याच नव्हत्या. होत्या त्या लहान मुलांच्या, लाल प्लॅस्टिकच्या. आईबापांनी त्यांत मावेल तेवढं मावायचं, आणि बाई स्वतः फरशीवर, मुलाशेजारी. पहिल्या भेटीत त्या माझ्या चार वर्षांच्या मुलीबरोबर, इराबरोबर, अर्धा तास ठोकळे लावत बसल्या. माझ्याशी एकच वाक्य बोलल्या, "फार हलू नका, खुर्ची तुटते ती."

इरा बोलत नव्हती, हाक मारली तरी वळत नव्हती. तिला ऑटिझम आहे हे कळल्यापासून मला दोनच गोष्टी हव्या होत्या, कारण आणि औषध. मी इंजिनिअर. बिघाड दिसला की पार्ट बदलायचा, एवढंच मला येतं.

कारण आमच्या घरात आधीच सापडलं होतं. माझ्या आईच्या मते ते म्हणजे माझी बायको. "नवव्या महिन्यापर्यंत ऑफिसला जात होती," आईनं बाईंना सांगितलं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

बाई मूळच्या वर्ध्याच्या. वीस वर्षं पुण्यात राहूनही त्यांनी पुण्याची भाषा अंगाला लावून घेतली नव्हती. "काहून नाही म्हणता? आजोबा कसे होते हिचे?"

"हे? अगदी व्यवस्थित. तीस वर्षं बागेत रोज एकाच बाकावर बसले. तिथं दुसरं कुणी दिसलं की न बोलता घरी परत यायचे."

बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, मेंदूची घडण पोटातच वेगळी होत जाते. त्यात पुष्कळ जनुकांचा हात असतो. बाकीची कारणं आम्हालाही सगळी माहीत नाहीत. पण ऑफिस त्यात नाही. लस नाही. मोबाइलही नाही."

परतताना बायको गाडीत घरापर्यंत रडत होती. मी नेहमीप्रमाणे सिग्नल बघत होतो.

बाईंचा नियम होता, एका वेळी एकच. "एक गोष्ट बदला, महिनाभर वहीत लिहा, मंग दुसरी." सुरुवात चित्रांच्या कार्डांपासून करायची ठरली, हवं त्या चित्रावर बोट ठेवून इरानं मागायचं. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन, एकमेकांच्या नकळत, सगळंच सुरू केलं. बायकोनं इराचा गहू बंद केला. आईनं ब्राह्मीचं तूप चालू केलं. मी उंटिणीच्या दुधाची पावडर मागवली. तिसऱ्या आठवड्यात इरा ताटावरून उठून स्पष्ट म्हणाली, "नको." तिचा पहिला शब्द. तिघांनीही श्रेय घेतलं.

बाईंनी वही पाहिली. "बाप्पा! आता हे कशानं झालं, कोण सांगणार? पोरीनं मात्र मत दिलं आहे. तेवढं ऐका."

मी ऐकलं नाही. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मला स्टेम सेलचं इंजेक्शन सापडलं. भूल देऊन पाठीच्या कण्यात द्यायचं. मी तारीख घेतली, रजा टाकली आणि जुने रिपोर्ट मागायला बाईंकडे गेलो.

"यानं ऑटिझम जातो असा पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "धोका मात्र आहे. झोप नाही, फिट्स येतात, फार चिडचिड होते, याला औषधं आहेत. ऑटिझमला नाहीत."

"मग तुम्ही काय देता? कार्डं?" माझा आवाज चढला. छोट्या खुर्चीतून तो फारसा चढत नाही.

"हो. कार्डं." बाईंचा आवाज होता तिथंच होता. "इंजेक्शननंतर इरा कशी पाहिजे तुम्हाला?"

माझी यादी तयार होती. बोलेल, डोळ्यांत बघेल, वाढदिवसांना जाईल, चारचौघींसारखी खेळेल.

"अन् आत्ता तिला काय आवडते?"

"पंखा. तासन्‌तास वर बघत पडते."

"तो यादीत आला नाही," बाई म्हणाल्या आणि रिपोर्टांची फाइल माझ्या हातात दिली. "बाप तुम्ही आहात."

ठरलेल्या सकाळी बॅग दाराशी होती. इराला उपाशीपोटी न्यायचं होतं. ती हॉलमध्ये फरशीवर, पंख्याखाली. तिला उचलायला मी वाकलो आणि कमरेच्या कृपेनं तिथंच आडवा झालो. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे वर पाहिलं. पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं. दर फेरीला त्यावरून उजेडाची एक चिरी निघायची आणि छतावरून सरकत जायची. हे दिसायला मला पंधरा मिनिटं लागली. इराला बहुधा वर्षभरापूर्वीच दिसलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त थोडी सरकून मला जागा दिली.

"अहो, निघायचं ना?" बायको दारातून म्हणाली.

"थांब जरा. बघतोय."

तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. मग आत जाऊन उपमा आणला आणि इराला भरवला. विषय तिथंच संपला.

पुढच्या आठवड्यात हे सगळं बाईंना सांगितलं, वाकलेल्या पात्यासकट. "सरळ करत बसू नका," त्या म्हणाल्या. "पडणार नाही एवढं बघा."

बाई गेल्या वर्षी कायमच्या वर्ध्याला गेल्या. इरा आता अकरा वर्षांची आहे. थोडं बोलते, बाकीचं टॅबवर बोट ठेवून सांगते. वाढदिवसांना जात नाही. मध्यंतरी इलेक्ट्रिशियन आला होता. वर बघून म्हणाला, "साहेब, पातं वाकलंय. बदलून टाकू?"

मी त्याच्याकडून फक्त हुक घट्ट करून घेतला.